दोन स्वल्पविराम

इंग्रजी व्याकरणाशी आमचे वैर शाळेपासूनचे. त्यामुळे परवा नातीने, ‘आजोबा, क्लॉज म्हणजे काय हो?’ असे विचारले, तेव्हा आम्ही प्रथम चष्मा शोधण्यात थोडा वेळ काढला. मग म्हणालो, ‘मोठ्या वाक्याच्या पोटातले वाक्य. त्याला स्वतःचा कर्ता असतो, स्वतःचे क्रियापद असते. प्रधान वाक्य स्वतंत्र संसार करते. गौण वाक्य त्याच्या आश्रयाने राहून नामाचे, विशेषणाचे किंवा क्रियाविशेषणाचे काम करते.’

‘तो म्हणाला, की पाऊस पडेल.’ काय म्हणाला? पाऊस पडेल, हे नामवाक्य. ‘जेव्हा पाऊस पडला, तेव्हा आम्ही घरी होतो.’ केव्हा? हे क्रियाविशेषणवाक्य. येथवर आमची गाडी सुरळीत चालली. अडली ती विशेषणवाक्यापाशी.

मराठीत ‘जो’ आला, की मागोमाग ‘तो’ येतोच. जो मुलगा काल आला, तो माझा भाऊ. आम्हा इंदूरकरांच्या तर घरात ‘जो–तो’ आणि दाराबाहेर ‘जो–वह’! इंग्रजीत मात्र आधी नाम, मग ‘हू’ किंवा ‘विच’. आणि ‘तो’ची जागा रिकामीच. त्यातून तेथे स्वल्पविरामाचा कारभार निराळा. नातीने पुस्तकातला नियम समजावून दिला: ‘माय ब्रदर हू लिव्हज् इन भोपाळ’ असे सलग लिहिले, तर अनेक भावांपैकी भोपाळचा तो निवडला. तेच ‘हू लिव्हज् इन भोपाळ’ दोन स्वल्पविरामांत कोंडले, तर भाऊ एकच. भोपाळची केवळ जादा माहिती.

आम्ही स्तब्ध झालो.

आमचे वडील, अण्णा, 1979 साली गेले. कचेरीत उभा जन्म गेलेला. महत्त्वाचे ते सारे इंग्रजीतच लिहावे, असा त्यांचा बाणा. त्यांच्या पेटीत एक कागद निघाला. त्यात ओळ होती: ‘माय सन, हू लिव्हज् विथ मी, हॅज नर्स्ड मी वेल.’ आम्ही तो कागद मोठ्या अभिमानाने दादांना दाखवला. दादा जबलपूरला इंग्रजीचे शिक्षक. अण्णांशी मतभेद होऊन दूर गेलेले. त्यांनी कागद दोनदा वाचला, घडी करून परत दिला आणि एवढेच म्हणाले, ‘स्वल्पविराम अगदी जागच्या जागी दिलेत अण्णांनी.’ पुढे आमचे जाणेयेणे लग्नकार्यापुरते उरले. कारण आम्हाला कधी उमगले नाही. ते परवा उमगले: त्या दोन चिन्हांनी अण्णांना मुलगा एकच उरला होता.

रात्री आम्ही नातीला घेऊन ती पेटी पुन्हा उघडली. अण्णांची जुनी पत्रे, हिशेब, अर्जांचे मसुदे एकेक करून पाहिले. नात पेन्सिलीने खुणा करीत गेली. ‘द बायसिकल, विच इज इन द व्हरांडा,’ असे एका टिपणात होते. वास्तविक तेव्हा घरी सायकली दोन होत्या! अण्णा प्रत्येक ‘हू’ आणि ‘विच’च्या आधी स्वल्पविराम देत. ती कचेरीची सवय होती, निवाडा नव्हे. मनात त्यांनी मराठीच योजली असणार: जो मुलगा माझ्यापाशी राहतो, त्याने माझी सेवा केली. आणि ‘जो राहतो’ म्हटले, की न राहणाराही त्यात आलाच.

ते सारे कागद जोडून आम्ही दादांना मराठीत सविस्तर पत्र लिहिले. चाळीसहून अधिक वर्षांचा उशीर; पण अज्ञानाला दुसरे प्रायश्चित्त कोठले?

आठव्या दिवशी दादांचा फोन आला. ऐंशी ओलांडलेला आवाज, पण शिक्षकाचा. ‘पत्र पोचले. तुझ्या पत्रात दोन स्वल्पविराम चुकले आहेत. दिवाळीला येतो, तेव्हा समक्ष सांगेन.’