नेवासे : एका गावाखालची अनेक गावं

अहिल्यानगरहून छत्रपती संभाजीनगरकडे जाताना नेवासे फाटा लागतो. तिथून गावाकडे वळलं की दोन्ही बाजूंना ऊस, रस्त्यावर झुकलेला, दाट. पाहणाऱ्याला वाटावं, इथं पावसाला काही तोटा नसणार. पण हा पर्जन्यछायेतला मुलूख आहे. ढग इथवर येतात ते सह्याद्रीवर रिते होऊनच. तिकडे पडलेला पाऊस इकडे आणते ती प्रवरा. रतनगडाच्या कुशीत, रतनवाडीच्या अमृतेश्वराजवळ ती उगम पावते. भंडारदरा, अकोले, संगमनेर मागे टाकते, मुळेला सोबत घेते आणि नेवासे ओलांडून प्रवरासंगमाला गोदावरीला मिळते. नेवाशाचा सगळा इतिहास या पाण्याने घडवला आहे.

नदीच्या एका काठावर नेवासे खुर्द, तर समोर बुद्रुक. गावात येणारा वारकरी आधी जातो तो पैसच्या खांबाकडे. या खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी गीतेचा अर्थ मराठीत सांगितला आणि सच्चिदानंदबाबांनी तो लिहून घेतला, ही पिढ्यान्‌पिढ्यांची श्रद्धा. ज्ञानेश्वरीच्या शेवटी शके १२१२ म्हणजे इ.स. १२९० हा काळ आणि रामचंद्र यादव या राजाचं नाव येतं. भोवतीचं मंदिर अलीकडचं, विसाव्या शतकातलं. खांब मात्र जुना. दर्शनाची रांग पुढे सरकते, माणसं कपाळ टेकवतात, बायका दोन्ही हातांनी दगड कुरवाळतात. जवळ गेल्यावर त्या दगडावर कोरलेली अक्षरं दिसतात. करवीरेश्वराच्या देवळात अखंड दिवा तेवत राहावा म्हणून तेलासाठी दिलेल्या दानाची ती नोंद आहे. म्हणजे हा खांब आधीच्या एका शिवालयाचा. कुणीतरी दिव्याची सोय करून ठेवलेल्या जागी ज्ञानेश्वर येऊन बसले, हे कळल्यावर त्या दगडाविषयीचा आदर दुणावतो.

तिथून जवळच लाडमोडची टेकडी आहे. बाहेरचा माणूस तिला मातीचा उंचवटा समजून पुढे जाईल. पण ही निसर्गाने घडवलेली टेकडी नव्हे. घरं पडली, त्यांच्या मातीवर नवी घरं उठली, तीही पडली. असं होत होत ती उंच झाली. १९५४ पासून पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे प्राध्यापक हसमुख धीरजलाल सांकलिया आणि त्यांचे सहकारी इथं उत्खनन करत होते. शां. भा. देव, झैनुद्दीन अन्सारी ही माणसं त्यांच्या बरोबर होती. वरच्या थरात मराठेशाही आणि सुलतानी काळातली वस्ती निघाली. त्याखाली सातवाहन आणि अगदी तळाशी ताम्रपाषाण युगातल्या शेतकऱ्यांचं गाव.

या शेतकऱ्यांची घरं कुडाची, मातीने लिंपलेली. त्यांची लाल रंगाची, काळ्या रेषांनी नटवलेली, तोटीची भांडी इतकी खरपूस भाजलेली की टिचकी मारली तर खणखणतात. प्रवरेच्याच काठावरच्या, संगमनेरजवळच्या जोर्वे गावी ती आधी सापडली, म्हणून ही जोर्वे संस्कृती. लहान मूल दगावलं तर हे लोक त्याला दूर नेत नसत. दोन कुंभ तोंडाला तोंड लावून त्यात ठेवत आणि घराच्या जमिनीखालीच पुरत. अशाच एका बालकाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली. तांब्याच्या गंजामुळे मण्यांच्या आतला दोराही कुजला नव्हता. तपासल्यावर त्यात कापसाबरोबर रेशमाचे तंतू आढळले. तीन हजार वर्षांपूर्वी, या पठारावरच्या एका आईने आपल्याकडचं सर्वांत मोलाचं लेणं लेकराबरोबर दिलं. टेकडीच्या उतारावर खापराचे तुकडे आजही पायाखाली येतात. ते पाहताना मन त्या माळेपाशीच घुटमळतं.

सातवाहन काळात नेवासे भरभराटीला आलं. त्याला कारण त्याची जागा. पूर्वेला गोदावरीकाठी राजधानी पैठण, पश्चिमेला जुन्नर आणि नाणेघाट, घाटाखाली कोकणातली बंदरं. या दोहोंमधल्या वाटेवर, नदीच्या उताराजवळ हे गाव. म्हणून लाडमोडच्या मातीत भूमध्य समुद्राकडून आलेल्या, दोन मुठींच्या मद्यकुंभांची खापरं निघाली. परंपरा सांगते की ज्ञानेश्वर आणि त्यांची भावंडं पैठणहून परतताना नेवाशाला थांबली. नकाशावर बोट ठेवून पाहिलं तर त्यांची वाटही साधारण हीच ठरते.

उत्खननातला आणखी एक तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो. सातवाहनांनंतर ही टेकडी हजारभर वर्षं ओस होती. ज्ञानेश्वरीचा काळ नेमका त्या रिकामपणात येतो. पण टेकडी ओस पडली म्हणून काठ ओस पडला नाही. दिव्याचं दान कोरलेला तो खांबच त्याची साक्ष देतो. माणसांनी जागा बदलली, नदी सोडली नाही.

नदीकडे उतरलं की याहून जुना इतिहास उघड्यावर आहे. काठाच्या कड्यात तळाशी चुनखडीने आवळून घट्ट झालेल्या गोट्यांचा थर, वर पिवळसर गाळ, मग पुन्हा बारीक गोटे, सर्वांत वर काळी माती. खालच्या गोट्यांत आदिमानवाच्या काळ्या दगडाच्या हातकुऱ्हाडी सापडल्या, वरच्या गोट्यांत गारेच्या जातीच्या दगडांची लहान, नेटकी हत्यारं. या दुसऱ्या प्रकाराची ओळख इथं इतकी ठळकपणे पटली की अभ्यासकांनी त्याला नेवाशाचंच नाव दिलं. शेतीच्याही आधी, लाखो वर्षांपूर्वीपासून माणूस या पाण्यावर येत होता.

गावातलं मोहिनीराजाचं देखणं देऊळ होळकरांचे दिवाण चंद्रचूड यांनी अठराव्या शतकात बांधलं. पुढे प्रवरासंगमाला गेलं की काठावरची शिवालयं आणि त्यांच्यापुढे पसरलेलं जायकवाडीचं फुगवट्याचं पाणी दिसतं. १९२६ मध्ये भंडारदऱ्याचं धरण झालं, १९७६ मध्ये जायकवाडीचं. उगमाकडे आणि संगमाकडे, दोन्हीकडे नदी बांधली गेली. त्या पाण्यावर ऊस उभा राहिला, घरं उभी राहिली, हे खरंच. पण ज्या नदीतून वाळू उपसली जाते तिच्या गोट्यांबरोबर आदिमानवाची हत्यारंही जातात, आणि पांढरीची, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडाची, माती शेतात पसरली की त्यातलं गाव कायमचं संपतं.

म्हणून नेवाशाला जाणाऱ्याला माझं मागणं आहे. खांबाचं दर्शन घ्या, मग लाडमोडवर चढा आणि नदीच्या कड्यापर्यंत उतरा. मुलांना बरोबर न्या, त्यांना ते थर बोटाने दाखवा. मराठीतला एवढा मोठा ग्रंथ माणसांच्या थरावर थर साचलेल्या वस्तीतून उगवला, हे तिथं उभं राहिल्यावर समजतं. पैसच्या खांबाला आपण जसं जपतो, तसं त्या टेकडीला आणि त्या कड्यालाही जपलं पाहिजे. तीही नेवाशाची तीर्थंच आहेत.