उद्या म्हणजे झोपून उठल्यावर

लाल रंग बोटाने दाखवता येतो. वांगं हातात देता येतं. ‘काल’ कुठे दाखवायचा? बालवाडीच्या बाईला खरी मेहनत पडते ती इथे.

माझी बालवाडी भंडारा जिल्ह्यातल्या जवाहरनगरात. आयुध निर्माणीमुळे वसलेली ही वसाहत. महामार्गावर ठाणा पेट्रोलपंपला उतरलं की आलंच. वर्गात तीन ते सहा वर्षांची मुलं. कुणाचे वडील निर्माणीत कामाला, कुणाचे आई-वडील बाजूच्या गावात धानाची शेती करणारे. काही घरं उत्तर प्रदेश-बिहारकडची, काही तेलुगू बोलणारी. आवारात खेळताना सगळ्यांची मिळून एक हिंदी असते. हिंदीत आदल्या आणि पुढच्या दोन्ही दिवसांना ‘कल’च, म्हणून त्या घरची मुलं मला बिनधास्त सांगतात, “बाई, मी काल येणार नाही.” त्यांना हसायचं कारण नाही. आपला ‘परवा’ तरी कुठे एका बाजूचा आहे?

पण मराठी घरातली मुलंही घोळ घालतातच. “मी उद्या मामाकडे गेलो होतो,” असं चार वर्षांचं पोर म्हणतं. नीट ऐका. ‘गेलो होतो’ बरोबर आहे. गोष्ट होऊन गेली हे त्याला पक्कं ठाऊक आहे, फक्त तिच्यावर लावायची चिठ्ठी चुकली. म्हणून मी “चूक!” म्हणत नाही. “हो का, काल गेला होतास? मग मामीनं काय केलं होतं?” एवढंच विचारते. त्याचं वाक्य सुधारून त्याच्याच हातात परत जातं आणि मामीने केलेल्या वड्यांची हकिगत अडत नाही. काही मुलांना एकदा ‘काल’ सापडला की मागचं सगळं कालच होतं. दिवाळी काल, बारसं काल, बाळ असतानाचं पडणंही काल. चालू द्यावं. सहा-सातव्या वर्षापर्यंत ते आपोआप जागेवर येतं.

सुरुवात मी वारांपासून करत नाही. सोमवार-मंगळवार मुलं पाढ्यासारखं म्हणून दाखवतात, आईबाप खूश होतात, आणि आज कोणता वार विचारला की सगळे गप्प. सुरुवात ‘आधी’ आणि ‘नंतर’पासून. आधी हात धुवायचे, नंतर खाऊ. आधी चप्पल काढायची, मग आत यायचं. एखाद्या दिवशी मुद्दाम उलटं सांगते, “आधी डबा खा, नंतर उघडा.” वर्ग हसून लोळतो. ज्याला हसू आलं त्याला क्रम कळला, वेगळी परीक्षा लागत नाही.

दिवसाचे भाग त्याहून अवघड. रात्र म्हणजे अंधार असं पुस्तकात असतं, पण इथे पाळ्या आहेत. रात्रपाळी करून आलेले वडील सकाळी दार लोटून झोपतात, आई “हळू बोला” म्हणते. एका मुलीचं म्हणणं होतं की पप्पा झोपले म्हणजे रात्र, बाहेर ऊन असलं तरी. तिच्या घरापुरतं ते खरंच होतं. पाहुण्या आलेल्या आज्या सकाळीला ‘सकारी’ म्हणतात, पोरगं कुठल्या महिन्यातलं विचारलं तर “रोवण्यातलं” म्हणून सांगतात. भर पावसात धान लावताना जन्मलं, एवढी खूण त्यांना पुरते. मुलांनाही तीच पुरते.

भिंतीवर मी रोजची तारीख फाडायचं कॅलेंडर लावलंय. दर सकाळी एका मुलाचा मान. फाडलेलं पान म्हणजे काल, वर दिसतं ते आज, त्याच्या खाली दडलेलं उद्या. एकाने फाडलेलं पान घडी करून खिशात घातलं आणि घरी सांगितलं, “मी काल घेऊन आलो.” आईने मला विचारलं, हा काय आणल्याचं म्हणतो? मी म्हटलं, खिसा बघा.

आमच्याकडे श्रावण अमावस्येला बैलांचा पोळा आणि दुसऱ्या दिवशी मुलांचा तान्हा पोळा. लाकडी बैल सजवून मिरवायचे, घरोघरी बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागायचा. ‘आज’ आणि ‘उद्या’ शिकवायला वर्षभरात यासारखा मुहूर्त नाही, कारण त्या उद्याची मुलांना खरीखुरी गरज असते. “उद्या केव्हा?” “रात्री झोपायचं, उठलं की उद्या.” एका बहाद्दराने दुपारच्या डुलकीतून उठून लगेच बैल मागितला. दुसऱ्याने त्याआधीच्या आठवड्यात कॅलेंडरची चार-पाच पानं एकदम ओरबाडली. पोळा जवळ आणायचा होता. मी ती पानं पिनेने परत लावली, पण त्याचं गणित मला पटलं होतं.

त्याच लाकडी बैलांवर मी एकदा पियाजे या मानसशास्त्रज्ञांचा प्रयोग करून पाहिला. त्यांनी मुलांच्या काळाच्या समजुतीवर १९४६ साली आख्खं पुस्तक काढलं होतं. दोन बैल एकदम ओढायला सुरुवात केली, एकदम थांबवले, एक जोरात आणि एक हळू. “कोणता जास्त वेळ चालला?” सगळ्यांचं बोट पुढे गेलेल्या बैलाकडे. या वयात वेळ आणि अंतर एकच असतं. अशा मुलाला “पाच मिनिटं थांब” म्हणून काय कळणार? “पोळी भाजून होईपर्यंत थांब” म्हटलं की कळतं.

आणि आपली पाच मिनिटं तरी कुठे पाच असतात? “आत्ता आले” म्हणून आई शेजारी जाते ती तासाने येते. “उद्या आणते” हा नाही म्हणायचा सभ्य प्रकार झालाय. मुलं शब्दाचा अर्थ आपल्या वागण्यावरून लावतात.

२४ जानेवारी २०२५ ला, शुक्रवारी सकाळी निर्माणीत स्फोट झाला. त्याच दिवशी आठ कामगार गेले. वर्गात प्रजासत्ताक दिनाची तयारी चालली होती, “झेंडा परवा” म्हणून मुलं नाचत होती. नंतर “पप्पा केव्हा येतील?” सुरू झालं. “येतीलच आता” हे रोजचं वाक्य त्या दिवशी तोंडातून निघेना. “मला माहीत नाही, कळलं की लगेच सांगते,” एवढंच सांगितलं, आणि ज्याच्या घरून निरोप आला त्याला लगेच सांगितलं. त्या दिवसाबद्दल याहून जास्त मी लिहिणार नाही.

घड्याळाची पालकांना फार घाई असते. मराठी घड्याळ मात्र सोपं नाही. साडेतीन, साडेचार शिकलेलं मूल ‘साडेएक’ म्हणणारच, त्याला दीड आणि अडीच वेगळे पाठ करावे लागतात. ‘पावणेनऊ’ ऐकून एकाने दाराकडे बघत विचारलं होतं, “कोन पावने आले, बाई?” हे पहिली-दुसरीत बघता येतं. तोवर मुलाला घड्याळ घेऊन देऊ नका, फाडायच्या पानांचं कॅलेंडर द्या आणि फाडायचा मान त्यालाच द्या. वर्ष सुरू होतानाच आणून ठेवा, फेब्रुवारीनंतर दुकानदार ते ठेवत नाहीत.