न वितळता जोडणं

भिवंडीत गोदामांच्या शेड बनवणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये बाबा वेल्डर होते. रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं व्हायचं; आई कच्च्या बटाट्याच्या चकत्या ठेवायची. लोखंड ते सहज जोडत, ॲल्युमिनियमपुढे मात्र वैतागत. कारण मला मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षी कळलं : हा धातू ६६० अंशांना वितळतो, पण त्यावरचा ऑक्साइडचा पापुद्रा २००० अंशांनाही वितळत नाही.

त्याच वर्षी फ्रिक्शन स्टर वेल्डिंगबद्दल वाचलं. इंग्लंडमधल्या द वेल्डिंग इन्स्टिट्यूटने १९९१ साली शोधलेली पद्धत. गरगर फिरणारी पिन सांध्यात घुसते, घर्षणाने धातू कणकेसारखा मऊ होतो आणि दोन्ही कडा एकमेकींत मळल्या जातात. धातू वितळत नाही, डोळे दिपवणारा आर्क नाही. रॉकेटच्या इंधनटाक्या, रेल्वेचे डबे असे जोडतात.

बाबांना व्हिडिओ दाखवला.

"काच नको डोळ्यांपुढे?"

"नको."

"मग माणूस काय करतो?"

"मशीनला प्रोग्राम देतो."

ते गप्प झाले. शेवटी पिन वर निघाली, सांध्याच्या टोकाला भोक उरलं. "हे कोण बुजवणार?" मला उत्तर आलं नाही.

पुढे मी सॉफ्टवेअरमध्ये गेलो. बाबांनी काम सोडलं. परवा फोनवर सांगितलं, सांधा जास्तीच्या पट्टीवर संपवतात, मग भोकासकट पट्टी कापतात.

"म्हणजे आमच्यासारखंच," बाबा म्हणाले. "आम्हीही शेवट भंगाराच्या तुकड्यावरच काढायचो."

आवाजात कितीतरी वर्षांनी कारागीर होता.