गाडी पाहण्याचा कार्यक्रम

आमच्या घराण्यात गाडी विकत घेण्याची परंपरा नाही. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. त्यांनी जन्मभर सायकल चालवली आणि निवृत्त झाल्यावर तीही पुतण्याला देऊन टाकली. मी महाविद्यालयात मराठी शिकवतो. वीस वर्षे उत्तरपत्रिका तपासून मला एवढीच विद्या आली आहे की, पहिले पान सुवाच्य असले म्हणजे आतला मजकूर बरा असतोच असे नाही. ही विद्या जुनी व्हॅन घेताना कामी येईल असे कोणी मला सांगितले असते, तर मी हसलो असतो.

त्याचे असे झाले. दोन वर्षांपूर्वी आईच्या मणक्याला इजा झाली. ती घरात चालते-फिरते, सुनेला स्वयंपाकातल्या सूचनाही करते. परंतु तासाभराने तिला पाठ टेकावीच लागते. डॉक्टर म्हणाले, "प्रवासाला हरकत नाही, पण मधूनमधून आडवे होता आले पाहिजे." आता एस.टी.त किंवा भाड्याच्या मोटारीत माणूस आडवा व्हायचा कसा? आईचे वय पंचाहत्तर. तिला काशी नको, रामेश्वर नको. वडिलांच्या बदल्या ज्या गावांना झाल्या त्या म्हसवड, दहिवडी, वडूज, मेढा येथे तिने भाड्याच्या खोल्यांत संसार मांडले आणि मोडले. ती बिऱ्हाडे तिला एकदा पाहायची आहेत. "म्हसवडच्या खोलीत देवळी होती. तीत तुझ्या काजळाची डबी असायची," असे ती अजून सांगते. ती खोली आज उभी असेल याची मला खात्री नाही. पण हे तिला सांगण्याचे धैर्य मला झालेले नाही.

तेव्हा एक जुनी व्हॅन घ्यावी, तीत खाट, पाण्याची टाकी आणि पडद्याआड एक लहानसे शौचकूप बसवावे, असे मी ठरवले. नव्या गाडीचा आकडा ऐकूनच मी जुन्याकडे वळलो. भविष्यनिर्वाह निधीतून उचल घेतली. सौभाग्यवती एवढेच म्हणाल्या, "पैसे गेले तर पुन्हा मिळवाल, पण गाडी वाटेत बंद पडली आणि आई उन्हात अडकल्या तर?" मी निरुत्तर झालो.

आपल्याकडे असल्या गाडीला सगळे सरसकट 'टेम्पो ट्रॅव्हलर' म्हणतात. 'टेम्पो' हे मुळात हॅम्बुर्गच्या एका कारखान्याच्या वाहनांचे नाव. १९५८ साली आपल्याकडे बजाज टेम्पो ही कंपनी निघाली आणि तो शब्द मराठीत आला. २००५ साली कंपनीने स्वतःचे नाव बदलले, पण लोकांनी टेम्पो काही सोडला नाही. शब्द एकदा रुळला की मालकालासुद्धा तो परत नेता येत नाही! पण हे विषयांतर झाले.

पहिले स्थळ महामार्गावरच्या एका दलालाचे. गाडी पांढरीशुभ्र, आसनांना नवी आवरणे, आत मोगऱ्याचा वास. मीटरवर आकडा ९२,०००. किंमत पावणेसात लाख. मी भाळलो. विसार म्हणून दहा हजार देण्यासाठी खिशात हात घातला आणि तेवढ्यात मला आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याची आठवण झाली. प्रथम वर्षाच्या परीक्षेत मी त्याला मराठीत नापास केले होते. त्यानंतर त्याने कॉलेज सोडले आणि साताऱ्याला गॅरेज काढले. मी फोन केला. तो म्हणाला, "सर, खिशातला हात बाहेर काढू नका. मी आलो."

तो आला आणि गाडीकडे न पाहता त्याने आधी बॉनेटवर तळहात ठेवला. ते कोमट होते. "आपण येण्याआधी इंजिन तापवून ठेवलंय," तो हळूच म्हणाला, "जुनं डिझेल इंजिन थंड असताना कसं उठतं, हीच तर त्याची परीक्षा. ती आपण घेऊ नये अशी व्यवस्था केलीय." मग त्याने मला ब्रेकचे पेडल दाखवले. त्याचे रबर झिजून आतले लोखंड चमकत होते. सुकाणूच्या चाकावरची नक्षी तळव्यांनी पुसून गेली होती. "सर, ब्याण्णव हजारांत हे होत नाही." शेवटी दरवाजाच्या आतल्या कडेला त्याला तेल बदलल्याची एक चिकटपट्टी सापडली. पुढचे तेल कधी बदलायचे तो आकडा तीवर बॉलपेनने लिहिला होता : २,१४,०००. दलालाचा माणूस म्हणाला, "ती पट्टी दुसऱ्या गाडीची असेल." विद्यार्थी कॉपी करताना सापडला की असेच काहीसे म्हणतो.

मला वाटले, मीटर मागे फिरवला हाच काय तो गुन्हा. पण माझ्या विद्यार्थ्याला त्याचे फारसे काही वाटले नव्हते. त्याने मागच्या आसनाखालची चटई उचलली, पत्र्यावर पेचकस टेकवला आणि जरासा दाबला. पेचकस आरपार गेला, पापडातून जावा तसा. गाडीचा क्रमांक एमएच-०८, म्हणजे रत्नागिरीचा. खारा वारा ओल धरून ठेवतो आणि चाकांच्या कमानीत साचलेला चिखल ती ओल सुकू देत नाही. पत्रा आतून कुजत राहतो. त्याने खिशातले लोहचुंबक बाजूच्या पत्र्यावर फिरवले. दोन ठिकाणी ते चिकटेचना. तिथे पत्रा नव्हताच. लांबी भरून वर रंग मारलेला होता.

"इंजिनाचं काय हो सर," तो म्हणाला, "ते उतरवून दुरुस्त करता येतं, रिंगा बदलता येतात. पण तुम्ही खाट कशाला ठोकणार? या पापडाला? शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो. घाटात ब्रेक दाबला की ती टाकी आजींच्या अंगावर येईल."

माझा खिशातला हात आपोआप बाहेर आला.

दुसरी गाडी सोलापूरची. मीटरवर आकडा ३,८६,०००. तो ऐकून मी जायलाच तयार नव्हतो. विद्यार्थी म्हणाला, "कोरड्या हवेतली गाडी आहे, एका हातची आहे. बघायला पैसे पडत नाहीत." आम्ही आदल्या रात्री जाऊन मुक्काम केला आणि पहाटे सहाला मालकाच्या दारात उभे राहिलो. इंजिन थंडगार होते.

मालक साठीपलीकडचे. गाडी २०१३ साली नवी घेतली आणि पंढरपूर, तुळजापूर, अक्कलकोट अशा वाऱ्या स्वतःच केल्या. आता डोळ्यांत मोतीबिंदू, आणि मुलाला हा धंदा नको. त्यांनी किल्ली फिरवली. पहिल्या वेळी इंजिन नुसतेच कुंथले, दुसऱ्या वेळी उठले. मागून पांढरट धूर आला आणि मिनिटभरात विरला. निळा असता तर इंजिन तेल पीत आहे असे समजायचे. पांढरा धूर थांबलाच नसता तर इंजिनात पाणी शिरत असल्याचा संशय घ्यायचा. चालू इंजिनावरचे तेलाचे झाकण विद्यार्थ्याने सैल करून तसेच वर ठेवले. ते थरथरले, पण उडाले नाही. रिंगा गेल्या असत्या तर आतल्या वायूने ते उडवले असते. झाकणाच्या आत सायीसारखा पांढरा थर आहे का तेही पाहिले. नव्हता. पेचकसाने सगळी जमीन ठोकली. सगळीकडून टणत्कार आला. मात्र खाली आडवा होऊन तो म्हणाला, "मागचा उजवा पाटा तुटलाय." मालक शांतपणे म्हणाले, "ठाऊक हाय. त्याचं पैसं धरूनच किंमत सांगितलीया." टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. दोन टायर २०१६ सालचे निघाले. तेवढे मात्र त्यांनी सांगितले नव्हते.

मग मालकांनी एक वही काढली.

आता माझी पाळी होती. शंभर पानी वही, तेलाच्या बोटांनी मळलेली. २०१३ पासून प्रत्येक तेल, पट्टा, क्लचप्लेट यांची नोंद : तारीख, किलोमीटर, रक्कम. विद्यार्थी म्हणाला, "सर, अशा वह्या लोक एका रात्रीत लिहून काढतात." मी ओटीवर बसून वही तपासायला घेतली. शाई सारखी बदलत होती. सुरुवातीचे सात आकडे ठळक आणि नेटके. पुढे पुढे, बहुधा डोळे अधू झाल्याने, अक्षर मोठे होत गेलेले. २,७१,००० वर लिहिले होते : 'इंजिन उघडले. माझी चूक. पाणी बघितले नाही.' विकायच्या गाडीच्या वहीत असे खोटे कोण लिहील? आणि मग मी २०२० सालाशी आलो. २० मार्चची नोंद होती, त्यानंतरची थेट ऑक्टोबरची. मधे एकच ओळ : 'बॅटरी उतरली, चार्ज केली.' दोन नोंदींमध्ये अंतर अवघे चाळीस किलोमीटर. त्या सहा-सात महिन्यांत ही गाडी कोठे जाणार होती? रात्रीत वही लिहिणाऱ्याला ही टाळेबंदी आठवली नसती. त्याने दरमहा तेल बदलले असते. मी वही मिटली आणि विद्यार्थ्याला म्हणालो, "उत्तरपत्रिका अस्सल आहे." तो हसला. मराठीच्या बाबतीत त्याचे माझे एवढे एकमत यापूर्वी कधी झाले नव्हते.

कागदपत्रांचे मात्र त्यानेच पाहिले. चासीचा आणि इंजिनाचा क्रमांक नोंदणीपुस्तकाशी ताडला, थकलेले दंड पाहिले, कर्जाची नोंद उतरली आहे ना ते पाहिले. "सातबाऱ्यावर बोजा असतो ना सर, तसा हिच्यावरही असतो." शिवाय पिवळ्या पाटीची गाडी खासगी करायची म्हणजे परमिट परत करणे आले. मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमाप्रमाणे, नोंदणीपुस्तकातल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा फेरफार मालकाला मनाने करता येत नाही. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानेही हेच बजावले. म्हणून छप्पर कापायचे नाही, सांगाड्याला वेल्डिंग लावायचे नाही, आणि आसने काढण्याची परवानगी आधी, सुताराला बोलावणे मागाहून, असे ठरले.

पाच लाख दहा हजारांवरून चार लाख ऐंशीवर सौदा आला. नोटा मोजताना मालकांनी विचारले, "सर, तुम्ही तर धंदा करनार न्हाई. मग येवढी मोठी गाडी कशाला?" मी आईचे सांगितले. ते काही बोलले नाहीत. मोजलेल्या नोटा तशाच पत्नीच्या हाती देऊन उठले, गाडीत चढले आणि मधल्या आसनावर हात ठेवून उभे राहिले.

"आजींची खाट हितं टाका," ते म्हणाले, "पुढच्या आन् मागच्या चाकाच्या मधोमध. लोक मागं टाकत्यात, जागा लई म्हनून. पर मागं चाकावर सगळा दनका येतो. बारा वर्सं म्हाताऱ्या मान्सांना मी हितंच बसवत आलोय."

हे विद्यार्थ्याला सुचले नव्हते. माझ्या नकाशात तर खाट अगदी शेवटी होती.

परतीची वाट म्हसवडवरून होती. आईवाचून ते गाव पाहायचे नाही असे मी ठरवले होते, म्हणून गाडी थांबवू दिली नाही.

घरी आल्यावर, पाटा आणि टायर बदलून झाले, परवानगीचा कागद हाती आला, तेव्हा मधली आसने काढून तेथे एक फळी टाकली, फळीवर गादी घातली आणि आईला धरून वर चढवले. ती सावकाश आडवी झाली. इंजिन सुरू केले, गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आलो. त्या गल्लीत तीन खड्डे आहेत. मी वळून विचारले, "कसे वाटते?"

आईने डोक्याकडच्या पत्र्यावर हात फिरवला.

"इथे एक देवळी हवी," ती म्हणाली, "औषधाची डबी ठेवायला."

सुतार रविवारी माप घ्यायला येणार आहे.