शिखराआधीचे दिवस

मनालीजवळच्या सोलंग खोऱ्याच्या माथ्याला ५,२८९ मीटर उंचीचं फ्रेंडशिप शिखर आहे. पहिल्यांदाच बर्फावर पाय ठेवणाऱ्यालाही मार्गदर्शकासोबत ते चढता येतं, अशी त्याची ख्याती; त्यामुळे सह्याद्रीत मुरलेल्या पुण्या-मुंबईच्या ट्रेकर्सना त्याची ओढ वाटते, यात नवल नाही. तंत्राच्या बाजूने ही ख्याती खोटी नाही. नेहमीच्या वाटेवर उभे बर्फकडे चढावे लागत नाहीत. बुटांना क्रॅम्पॉन कसे बांधायचे, एका दोरात कसं चालायचं, घसरलोच तर पालथं होऊन आइस अ‍ॅक्स बर्फात कशी रुतवायची, याची जुजबी तयारी तळावरच्या एका दिवसाच्या सरावात करून घेता येते. माझा आक्षेप शिखराला नाही, वेळापत्रकाला आहे. नवख्याला ही चढाई झेपेल की नाही, हे उताराच्या तीव्रतेपेक्षा ती किती दिवसांत उरकायची यावर ठरतं, असं माझं मत आहे.

आकडेच पाहा. मनाली साधारण २,००० मीटरवर, लेडी लेगचा तळ साधारण ३,८०० मीटरवर. तिथूनच शिखरासाठी निघायचं असेल तर मध्यरात्रीपासून पुढच्या काही तासांत जवळजवळ दीड हजार मीटर चढावं लागतं. समुद्रकिनाऱ्यावरून निघून कळसूबाईचा १,६४६ मीटरचा माथा एका दमात गाठण्याच्या जवळपास जाणारी ही चढण, आणि तीही शिखराजवळ हवेचा दाब किनाऱ्यावरच्या निम्म्याच्या आसपास आलेला असताना. विरळ हवेत श्वासाचा वेग लगेच वाढतो. पण त्यामुळे बदललेला रक्तातला आम्लतेचा तोल मूत्रपिंडं सावरतात, त्याला काही दिवस लागतात. तांबड्या पेशी वाढायला तर आठवडे. म्हणूनच ३,००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची दर दिवशी ५०० मीटरहून अधिक वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं, असा सर्वमान्य सल्ला आहे. मनालीहून दोन दिवसांत लेडी लेग आणि लगेच शिखर, असा बेत या सल्ल्यात बसत नाही.

यावर पहिलं उत्तर ठरलेलं असतं : आम्ही दर रविवारी गड चढतो, दमछाक होत नाही. पण तंदुरुस्तीने पाय वाचतात, डोकेदुखी आणि मळमळ टळत नाही. उलट दमदार माणूस भराभर वर जातो आणि त्रासाला आमंत्रण देतो. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवरही फार भिस्त ठेवू नये. विरळ हवेचा त्रास बहुधा उंची गाठल्यावर काही तासांनी सुरू होतो, त्यामुळे संध्याकाळचा समाधानकारक आकडा मध्यरात्रीची हमी देत नाही. डायमॉक्सने शरीराला जुळवून घ्यायला मदत होते, हे खरं. ती गोळी विश्रांतीच्या दिवसाची जागा मात्र घेत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. शिखरावर मुक्काम करायचा नसतो, काही मिनिटांत माणूस खाली वळतो, मग एवढी सवय कशाला? चाल ठरल्याप्रमाणे राहिली तर या म्हणण्यात तथ्य आहे. पण शरीर रुळलेलं नसलं की चाल मंदावते आणि सारं गणित उशिरावर येऊन अडतं. रात्री निघायचं ते बर्फ टणक असतो म्हणून. ऊन चढलं की तोच बर्फ भुसभुशीत होतो, पाय गुडघ्यापर्यंत रुततात, हिमप्रपाताचा धोका वाढतो, आणि उतरताना नवखा माणूस नेमका तेव्हाच सर्वांत थकलेला असतो. या उंचीवरच्या माझ्या अनुभवात फुफ्फुसांच्या आधी विचारशक्ती थकते. क्रॅम्पॉनचा सैल पट्टा दिसत असूनही आवळायचा कंटाळा येतो.

मार्गदर्शक सोबत आहे ना, हा शेवटचा आधार. तो मोलाचा आहे, पण डोंगराला त्याचं बंधन नाही. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तराखंडमधल्या द्रौपदी का डांडा-२ वर हिमप्रपातात सापडली ती उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेची प्रशिक्षणार्थी तुकडी होती, प्रशिक्षकांसह. एकोणतीस जण गेले. त्याच वर्षी एव्हरेस्ट आणि मकालू चढलेल्या प्रशिक्षक सविता कंसवाल त्यांच्यात होत्या. जादा दिवसांनी प्रत्येक हिमप्रपात टळेल, असा माझा दावा नाही. वेळापत्रकात राखीव दिवस असेल तर ताज्या बर्फवृष्टीनंतर मार्गदर्शकाला थांबता येतं, एवढंच माझं म्हणणं आहे. तो दिवस नसला की हवामान, सोबत्यांचा आग्रह आणि परतीचं विमान, तिन्ही ओझी त्याच्या डोक्यावर येतात. दोन-तीन दिवस वाढले की तंबू, स्वयंपाकी आणि मदतनीसांचा खर्च वाढतो, रजाही अधिक लागते. हे नाकारण्यात अर्थ नाही. ज्याला तेवढी रजा मिळत नाही त्याने याच खोऱ्यातल्या बिआस कुंडापर्यंत जाऊन यावं, त्यात कमीपणा कसला? आणि शिखरच हवं असेल, तर पैसे भरण्याआधी आयोजकाला विचारावं : राखीव दिवस किती, शिखर समोर दिसत असलं तरी किती वाजता माघारी वळणार, आणि एकाची तब्येत बिघडली तर त्याला खाली घेऊन कोण जाणार, बाकीच्यांसोबत कोण थांबणार.