रामलिंग मुदगडचा मल्ल : हरिश्चंद्र बिराजदार

१/८
निलंगा तालुक्यातील रामलिंग मुदगड हे लहानसे गाव. निजामाची राजवट संपून दोन वर्षेही उलटली नव्हती, तेव्हा १९५० साली या गावात हरिश्चंद्र बिराजदार यांचा जन्म झाला. मराठवाड्याने महाराष्ट्राला दिलेल्या या थोर मल्लाची ही कथा.

२/८
त्या काळी मराठवाड्यात कुस्ती होती ती प्रामुख्याने जत्रांत आणि उरुसांत. तिला शास्त्र, खुराक आणि वस्तादाची शिस्त हवी असेल, तर कोल्हापूरची वाट धरावी लागे. शाहू महाराजांच्या आश्रयाने तेथे तालमींची परंपरा रुजली होती. बिराजदारही कोल्हापूरला गेले आणि गंगावेश तालमीच्या लाल मातीत घडले.

३/८
१९६९. महाराष्ट्र केसरीचे अधिवेशन लातुरात भरले. आजच्या वाचकांनी ध्यानात घ्यावे, की लातूर तेव्हा स्वतंत्र जिल्हाही नव्हता. तो उस्मानाबादचाच भाग होता. जिल्हा झाला १९८२ मध्ये. विशीच्या उंबरठ्यावरील बिराजदारांनी तो किताब आपल्याच मुलखात जिंकला.

४/८
पुढच्याच वर्षी, १९७० साली, एडिंबरा येथे राष्ट्रकुल स्पर्धा झाल्या. येथे माती नव्हती, गादी होती. मातीतल्या कुस्तीत प्रतिस्पर्ध्याची पाठ जमिनीला लावली की निकाल लागतो. गादीवर वजनगट, वेळ आणि गुण यांचा हिशेब असतो. मातीत वाढलेल्या मल्लाला हा जवळजवळ दुसराच खेळ. बिराजदारांनी ८२ किलो गटात सुवर्णपदक जिंकले.

५/८
म्हणून त्यांनी मातीकडे पाठ फिरवली नाही. 'रुस्तुम-ए-हिंद' हा बहुमान त्यांच्या नावामागे लागला. १९७७ मध्ये बेळगावच्या मैदानात त्यांची गाठ पडली दिल्लीच्या सतपालशी. गुरू हनुमान यांच्या आखाड्यातील हा धिप्पाड मल्ल तेव्हा ऐन भरात होता. बिराजदारांनी त्याला हरवले. जुने कुस्तीशौकीन आजही त्या लढतीचा विषय निघाला की खुलतात.

६/८
बहुतेक मल्लांचे चरित्र येथे संपते. शरीर थकते, फेटे कपाटात जातात, आणि गावच्या मैदानाचे उद्घाटन करण्यापुरते नाव उरते. बिराजदारांनी मात्र आयुष्याचा उत्तरार्ध पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीला दिला. स्वतः ज्या वाटेने घर सोडून निघाले होते, त्याच वाटेने येणाऱ्या पोरांचे ते 'मामा' झाले. लातूरचे काका पवार येथेच घडले आणि पुढे अर्जुन पुरस्काराचे मानकरी ठरले. २००६ मध्ये बिराजदारांना ध्यानचंद पुरस्कार मिळाला.

७/८
बीड जिल्ह्यातील पाटोद्याचा राहुल आवारे हा त्यांचा शिष्य. सप्टेंबर २०११ मध्ये मामा गेले, तेव्हा त्याची मोठी पदके अद्याप दूर होती. पुढची जबाबदारी काका पवारांनी उचलली. म्हणजे एका शिष्याने गुरूचे अपुरे काम दुसऱ्या शिष्यात पुरे केले. २०१८ मध्ये गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत राहुलने ५७ किलो गटात सुवर्ण जिंकले आणि ते आपल्या दिवंगत गुरूंना अर्पण केले. एडिंबरा ते गोल्ड कोस्ट हे अंतर ४८ वर्षांचे.

८/८
या कथेत अभिमानासोबत एक सलही आहे. बिराजदार कोल्हापूरला गेले, पवार आणि आवारे पुण्याला. तीन पिढ्यांची गुणवत्ता मराठवाड्याची, पण तिला आकार मिळाला तो मराठवाड्याबाहेर. किताब मिळवणाऱ्याचे नाव फलकावर राहते. परंपरा मात्र तालमीत राहते, आणि तालीम म्हणजे रोज पहाटे पोरांना उठवणारा कोणीतरी वस्ताद. मामांनी परमुलखात का होईना, आपल्या मुलखातील पोरांसाठी तो वस्ताद होणे पत्करले. त्यांच्या साऱ्या किताबांहून ही कमाई मोठी आहे. तसा आखाडा रामलिंग मुदगडच्या जवळपास उभा राहणे, हे त्यांचे खरे स्मारक ठरेल.