औंढा नागनाथ : दोन रात्रींचा मुक्काम

ज्येष्ठांना प्रवासाला न्यावे की नेऊ नये, हा प्रश्न माझ्या दवाखान्यात महिन्यातून चार-पाच वेळा तरी विचारला जातो. विचारणारे बहुधा मुलगा, सून किंवा मुलगी असतात. ज्यांच्याविषयी तो विचारला जातो, ती व्यक्ती शेजारच्या खुर्चीत गप्प बसलेली असते. याचे उत्तर केवळ रक्तदाबाच्या आकड्यावर अवलंबून नसते. कोठे जायचे, किती घाईने जायचे, रात्री कोठे झोपायचे आणि बरोबर कोण असणार, या चार गोष्टी ठरल्या की निम्मे उत्तर मिळालेले असते. आपल्याकडे तीर्थयात्रेचा रिवाज मात्र असा पडला आहे की, एका गाडीत सारे कुटुंब, पहाटे निघणे, दिवसाला तीन देवस्थाने आणि मध्यरात्री घरी परत. तरुणांना हे झेपते. ऐंशीच्या घरातल्या माणसाच्या वाट्याला त्यातून पायांची सूज, चुकलेल्या गोळ्या आणि दुसऱ्या दिवशीचे अंथरूण एवढेच येते.

हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ येथे आम्ही काढलेले दोन दिवस वाचकांपुढे ठेवतो, ते एवढ्यासाठी की, यात्रा याहून वेगळ्या रीतीने करता येते.

जाणे

आईचे वय एकोणऐंशी. दोन वर्षांपूर्वी पडल्यामुळे तिच्या खुब्याची शस्त्रक्रिया झाली. तेव्हापासून ती वॉकर धरून चालते. मधुमेह आणि रक्तदाब दोन्हींच्या गोळ्या चालू आहेत, कानाला यंत्र आहे. ती थोरल्या भावाकडे राहते आणि तिचे सारे वहिनी पाहते. नागनाथाचे दर्शन ही आईची जुनी इच्छा होती. वहिनीची इच्छा काय, हे कोणी विचारले नव्हते, मी विचारले तेव्हा ती हसून म्हणाली, "भाऊजी, एक दुपार सलग झोपायला मिळाली तरी पुष्कळ." त्यामुळे या सहलीचे हेतू पहिल्यापासूनच दोन होते.

आम्ही फेब्रुवारीच्या आरंभी, शुक्रवारी दुपारी नांदेडहून निघालो. महाशिवरात्रीला औंढ्याची मोठी यात्रा भरते आणि श्रावणी सोमवारीही गर्दी असते; हे दोन्ही काळ आम्ही मुद्दाम टाळले. वसमतमार्गे रस्ता फार लांबचा नाही, तरी वाटेत दोनदा थांबून आईला पाच-पाच मिनिटे चालवले. पाय लोंबते ठेवून तास-दीड तास बसले की पोटऱ्यांतील रक्त साकळते. थोडे चालणे, आणि चालणे शक्य नसल्यास बसल्या जागी पावले खाली-वर करणे, हा त्यावरचा साधा उपाय.

वसमतचा परिसर हळदीचा आहे. त्या दिवसांत काढणी सुरू झालेली असते. शेतांच्या कडेला हळद शिजवण्याचे कुकर वाफ सोडत असतात आणि शिजलेले कंद वाळायला पसरलेले असतात. वास मोठा सुखद, पण दमेकऱ्यांनी त्या धुरापासून आणि हळद घासतानाच्या धुळीपासून दूरच राहावे. हळदीविषयी आणखी एक सांगून ठेवतो. भाजी-आमटीतली चिमूटभर हळद निर्धास्त खावी. परंतु हळदीच्या अर्काच्या तीव्र मात्रेच्या कॅप्सूल हा वेगळा विषय आहे. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी आणि यकृताचा विकार असणाऱ्यांनी त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. अशा कॅप्सूलमुळे काही जणांच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत.

घर

औंढ्याच्या बाहेरच्या अंगाला एका शेतकरी कुटुंबाने आपल्या घराच्या दोन खोल्या पाहुण्यांसाठी ठेवल्या आहेत. एका परिचितांकडून ओळख निघाली होती. फोनवर मी भाडे विचारण्याआधी तीन गोष्टी विचारल्या : खोली तळमजल्यावर आहे का, बसायचा कमोड आहे का आणि पलंगापासून तिथवर किती पावले चालावे लागते. घरमालकीणबाईंना प्रश्नांचे नवल वाटले नाही. त्यांच्या सासूबाईंनी त्याच खोलीत शेवटची चार वर्षे काढली होती. भिंतीला धरायची दांडी अजून तशीच होती.

नव्या घरातली पहिली रात्र ज्येष्ठांसाठी सर्वांत जोखमीची असते. झोपेतून उठल्यावर दार कोणत्या बाजूला, हे उमगत नाही. काहींना क्षणभर आपण कोठे आहोत, हेही कळत नाही. विस्मरणाचा आजार असेल तर सायंकाळपासूनच अस्वस्थता वाढते. म्हणून आईची नेहमीची उशी आणि गोधडी बरोबर घेतली होती. रात्रभर मंद दिवा चालू ठेवला, वाटेतली सतरंजी गुंडाळून बाजूला केली आणि दिवस मावळण्यापूर्वी पलंगापासून न्हाणीघरापर्यंत तिला दोनदा चालवून आणले.

रात्री ज्वारीची भाकरी, सोलाण्याची आमटी आणि ताक. घरातल्या माणसांप्रमाणे वेळेवर जेवण मिळते, हा अशा मुक्कामाचा मोठा लाभ. मधुमेह्याला हॉटेलातल्या पक्वान्नापेक्षा ठरल्या वेळेची भाकरी मोलाची. दुसऱ्या दिवशी शेतात हुरडा निघाला. आईच्या कवळीलाही तो जमला. गुळाचा खडा मात्र वहिनीने नजरेनेच परत पाठवला.

गाभारा

नागनाथ हे बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक मानले जाते. 'नागेश' नेमका कोठला, याबद्दल द्वारकेजवळचे नागेश्वर आणि उत्तराखंडातील जागेश्वर यांचाही दावा आहे. मराठी भाविकांच्या मनात मात्र औंढ्याविषयी शंका नाही. मंदिर यादवकालीन, हेमाडपंती घडणीचे. काळ्या पाषाणाच्या बाह्य भिंतींवर देवदेवता, हत्ती, नर्तिका यांच्या मूर्तींची दाटी आहे. शिखराकडचा भाग उत्तरकाळातला असून, जीर्णोद्धाराचे श्रेय अहिल्याबाई होळकरांना दिले जाते. रुसलेल्या पार्वतीची समजूत काढणारा शंकर अशी एक मूर्ती इथले लोक आवर्जून दाखवतात. ती पाहून आई मोकळेपणी हसली.

या मंदिराचे एक वैशिष्ट्य प्रत्येक ज्येष्ठाने निघण्यापूर्वीच जाणून घ्यावे. इथला गाभारा मंडपाच्या पातळीवर नाही. तो खाली, तळघरात आहे. अरुंद तोंडातून, उंच-उंच पायऱ्यांनी, अंग चोरून उतरावे लागते. आत छत खूप खाली, जागा अपुरी, हवा कोंदट. तिथे वाकून, बसून दर्शन घ्यायचे आणि त्याच वाटेने वर यायचे. गुडघ्यांचे दुखणे असलेल्यांना हे कष्टाचे आहे. खुब्याची शस्त्रक्रिया झालेल्यांनी, चालताना तोल जाणाऱ्यांनी, हृदयाचा वा श्वासाचा त्रास असणाऱ्यांनी उतरूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. रक्तदाबाच्या किंवा प्रोस्टेटच्या काही गोळ्यांमुळे वाकून एकदम उभे राहिल्यावर रक्तदाब घसरतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. सपाट जमिनीवर ती आली तर माणूस भिंत धरतो. अरुंद पायरीवर आली तर धरायला जागा नसते. शिवाय अनेक ज्येष्ठ उपाशीपोटी दर्शन घेतात. मधुमेहाची गोळी वा इन्सुलिन घेऊन उपाशी रांगेत उभे राहणे हे साखर एकाएकी उतरण्याचे निमंत्रणच आहे.

आईला हे घरीच सांगितले होते आणि तिने मानही डोलावली होती. तरी शनिवारी सकाळी मंडपात त्या तोंडाशी पोहोचल्यावर ती थबकली. खाली उतरणाऱ्या बायकांकडे बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "दोघांनी धरलंत तर चार पायऱ्या उतरेन की मी." मी डॉक्टर म्हणून नाही म्हणू शकत होतो, मुलगा म्हणून ते जड गेले. वहिनीने तिला मंडपात खांबाशी बसवले आणि स्वतः खाली जाऊन तिच्या वतीने बेल वाहून आली. आईने प्रसाद घेतला, पण तिच्या चेहऱ्यावरची खिन्नता गेली नाही.

परतल्यावर घरमालकीणबाईंनी विचारले, "आजी, झालं का दर्शन?" आई म्हणाली, "वरूनच." त्यावर त्या बाई भाकरी थापता थापता सहज बोलून गेल्या, "मग काय झालं? देव काय तेवढ्याच जागंत बसलाय का? विसोबाची गोष्ट इथलीच ना!"

गोष्ट वाचकांना ठाऊक आहे. संतमेळाव्यात गोरोबाकाकांनी ज्यांना कच्चे मडके ठरवले, ते नामदेव गुरूच्या शोधात औंढ्याला आले, तर विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून निजलेले. नामदेवांनी पाय काढायला सांगितले. विसोबा म्हणाले, जिथे देव नाही तिथे माझे पाय ठेव. आणि पाय नेऊन ठेवायला तशी जागाच नामदेवांना सापडेना. दुसरी आख्यायिकाही याच मंदिराची : नामदेवांना समोर कीर्तन करू दिले नाही, ते मागे जाऊन गाऊ लागले, तेव्हा देऊळच त्यांच्या दिशेने फिरले. इथला नंदी देवळाच्या मागच्या बाजूस आहे, त्याचे कारण लोक हेच सांगतात. नामदेवांचे जन्मस्थान मानले जाणारे नर्सीही याच जिल्ह्यात आहे.

आख्यायिका औषधाचे काम करते असे मी म्हणणार नाही. पण त्या सायंकाळी आईने पुन्हा देवळात न्यायला सांगितले. यावेळी ती गाभाऱ्याकडे गेली नाही. मागच्या बाजूला, नंदीजवळ खुर्ची ठेवून ती अर्धा तास बसली. काय बोलली ते मी विचारले नाही.

शांतता

औंढा तालुक्यातील दुधाळा गावाजवळ 'लायगो-इंडिया' ही वेधशाळा उभी राहणार आहे. अंतराळात दूरवर कृष्णविवरे एकमेकांवर आदळली की गुरुत्वीय लहरी निर्माण होतात. त्या १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील लायगो वेधशाळांनी प्रथम टिपल्या. एकमेकींशी काटकोनात असलेल्या, प्रत्येकी ४ किलोमीटर लांबीच्या दोन भुजांमध्ये लेसरचा प्रकाश सोडून, प्रोटॉनच्या आकाराहूनही सूक्ष्म हालचाल तिथे मोजली जाते. तशीच वेधशाळा इथे बांधण्याच्या सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या प्रकल्पाला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. इतके क्षीण स्पंदन ओळखायचे तर आजूबाजूची जमीन शांत हवी. रेल्वे, कारखाने, अवजड वाहने यांचा थरथराट नको.

क्षीण आवाज ऐकण्यासाठी भोवताल शांत लागतो, हे आपल्या कानांनाही लागू आहे. वयोमानाने येणाऱ्या बहिरेपणात आवाज कमी ऐकू येतो एवढेच नव्हे, तर गोंगाटातून शब्द वेगळे काढता येत नाहीत. शहरातल्या घरी टीव्ही, मिक्सर आणि रस्त्यावरचे भोंगे यांच्यात श्रवणयंत्र सगळेच मोठे करते, आणि मग वृद्ध माणूस ते काढून ठेवून गप्प बसतो. आपण म्हणतो, हल्ली आई बोलतच नाही. औंढ्याच्या ओसरीवर आई पहिल्यांदाच "काय म्हणालास?" असे न विचारता बोलत होती. माहेरची विहीर, तिथली चिंच, १९७२ च्या दुष्काळात खाल्लेला मिलो, सारे क्रमाने सांगितले. मी यातले निम्मे प्रथमच ऐकत होतो. घरीही दिवसातून एक तास सारी यंत्रे बंद ठेवून ज्येष्ठांसमोर, तोंड दिसेल असे बसून, संथपणे बोलावे. याला खर्च नाही.

शनिवारी दुपारी वहिनी अडीच तास झोपली. आईजवळ मी होतो, घरमालकीणबाई होत्या, दाराशी वासरू होते. तिला कोणी हाक मारली नाही. जी व्यक्ती सतत शुश्रूषा करते, तिची झोप, कंबर, मन यांकडे घरात सर्वांत शेवटी लक्ष जाते. सहलीला निघताना तिची पाळी कोण घेणार, हे ठरवल्याशिवाय निघू नये. नाहीतर तिच्यासाठी ती सहल म्हणजे तेच काम, फक्त अनोळखी घरात.

निघण्यापूर्वी

शक्यतो दोन रात्री राहावे आणि एका दिवसात एकच ठिकाण पाहावे. आम्ही नर्सीला गेलो नाही, याची रुखरुख आहे. पण रविवारी दुपारी आई स्वतःच्या पायांनी घरात शिरली. गोळ्या दोन ठिकाणी ठेवाव्यात, एक संच जवळच्या पिशवीत. लघवी वाढवणारी गोळी प्रवासाच्या दिवशी स्वतःच्या मनाने बंद करू नये. वेळ बदलता येईल का, ते डॉक्टरांना विचारावे. इन्सुलिन उन्हात उभ्या गाडीत राहू देऊ नये आणि बर्फाला थेट लावून गोठूही देऊ नये. ग्लुकोज किंवा साखर हाताशी असावी. केस-कागदांची प्रत आणि औषधांची यादी बरोबर ठेवावी. औंढ्याला ग्रामीण रुग्णालय आहे, हिंगोलीला जिल्हा रुग्णालय आहे आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक आहे. ही माहिती घरातल्या एकालाच नव्हे, सर्वांना असावी. मोठी शस्त्रक्रिया, हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात होऊन थोडेच दिवस झाले असतील, तर आधी तपासणी करून घ्यावी.

आणि शेवटचे, पण सर्वांत आधी करायचे : शेजारच्या खुर्चीत गप्प बसलेल्या त्या व्यक्तीला विचारावे, "तुम्हाला कुठे जावंसं वाटतं?" उत्तर यायला वेळ लागेल. थांबावे.